सर्वांत चांगले इंधन कोणते? आधी माप सांगा!

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात इंधनांचा तक्ता हमखास टांगलेला असतो. लाकूड, दगडी कोळसा, रॉकेल, पेट्रोल, मिथेन, हायड्रोजन अशी नावे एकाखाली एक लिहिलेली असतात. प्रत्येकासमोर त्याच्या एक किलोग्रॅमपासून किती उष्णता मिळते, तो आकडा असतो. तक्त्याशेजारी उभा असलेला विद्यार्थी छडीचे टोक शेवटच्या ओळीवर ठेवतो आणि ठसक्यात सांगतो, "सर्वांत चांगले इंधन हायड्रोजन!" परीक्षक मान डोलावतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात.

माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे. ते चूक आहे असे मी म्हणत नाही. ते अपुरे आहे. "चांगले" म्हणजे कोणत्या मापाने चांगले, हे त्यात कोठेच सांगितलेले नाही. हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. या एका प्रश्नापायी बड्या देशांनी अमाप पैसा, उत्तमोत्तम रसायनशास्त्रज्ञ आणि वर्षानुवर्षांचे श्रम खर्ची घातले आहेत. त्यातलीच एक हकिगत आज सांगणार आहे. ती आहे सिंटिन नावाच्या एका कृत्रिम इंधनाची. हकिगत ऐकल्यावर त्या तक्त्याचे काय करायचे, ते आपण ठरवू.

रॉकेलवर उडणारे अग्निबाण

स्टोव्हमध्ये आणि कंदिलात जळणारे रॉकेल तुमच्या घरच्या मोठ्या माणसांना चांगले परिचयाचे आहे. त्याच कुळातले रॉकेल अग्निबाणातही जळते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी पहिला कृत्रिम उपग्रह 'स्पुटनिक' अवकाशात गेला तो रॉकेल आणि द्रवरूप ऑक्सिजन यांच्या बळावर. १९६९ मध्ये माणसाला चंद्राकडे नेणाऱ्या 'सॅटर्न-५' या प्रचंड अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात सुमारे ७ लाख ७० हजार लिटर रॉकेल होते, आणि ते सगळे अवघ्या अडीच मिनिटांच्या आसपास जळून जाई!

अर्थात हे रॉकेल रेशनच्या दुकानातले नव्हे. कंदिलाची वात जरा वर गेली की काच कशी काळी होते, ते आठवा. अग्निबाणाच्या इंजिनात ज्वालेची उष्णता इतकी भयंकर असते की धातूच्या भिंती वितळून जाव्यात. म्हणून त्या भिंतींतल्या बारीक वाहिन्यांतून आधी इंधनच खेळवतात. ते भिंती गार करते आणि मग जळायला जाते. अशा वाहिनीत काजळी धरली तर ती तुंबते आणि इंजिनाला भोक पडते. म्हणून गंधक आणि काजळी धरणारी संयुगे काढून टाकलेले, अतिशुद्ध रॉकेल अग्निबाणासाठी वेगळे तयार करतात.

आता तुम्ही विचाराल, तक्त्यात हायड्रोजनचा आकडा १२० मेगाजूल आणि रॉकेलचा ४३ मेगाजूल असताना रॉकेलच्या मागे लागावेच कशाला? हायड्रोजन जवळजवळ तिप्पट चांगला नाही का?

येथेच आपले पहिले माप पुरेनासे होते. अग्निबाणाला हवेतला ऑक्सिजन वापरता येत नाही. तो बरोबर न्यावा लागतो. एक किलो हायड्रोजन पुरता जाळायला ८ किलो ऑक्सिजन लागतो. म्हणजे १२० मेगाजूल मिळतात ते एकूण ९ किलो सामानातून, किलोमागे १३.३ मेगाजूल. एक किलो रॉकेलला सुमारे ३.४ किलो ऑक्सिजन लागतो. म्हणजे ४३ मेगाजूल ४.४ किलोंतून, किलोमागे ९.७७. तिप्पट कोठे गेले? फरक उरला एक-तृतीयांशाच्या जवळपास. हायड्रोजन जळून होणाऱ्या वाफेचे रेणू हलके असल्यामुळे ते अधिक वेगाने बाहेर पडतात, हा त्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो मोठा आहे. पण "तिप्पट" हा शब्द मात्र आपल्याला मागे घ्यावा लागतो.

आता दुसरे माप घेऊ. किलोऐवजी लिटर. द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सियसला उकळतो आणि तो कमालीचा हलका आहे. एक लिटर भरते अवघे ७१ ग्रॅम. रॉकेल भरते सुमारे ८०० ग्रॅम. गुणाकार करा. एक लिटर हायड्रोजनमधून सुमारे ८.५ मेगाजूल, तर एक लिटर रॉकेलमधून ३४ मेगाजूल. या मापाने रॉकेल चौपट चांगले! हायड्रोजनला टाकी मोठी लागते, तिला उष्णतारोधक वेष्टण लागते, आणि टाकीचेही वजन असते. जमिनीवरून उठणाऱ्या पहिल्या टप्प्याला हे ओझे जड जाते.

म्हणजे माप बदलले की उत्तर बदलले. तक्ता तोच, आकडेही खरे. निकाल मात्र उलटा.

ताणलेल्या बेचकीसारखा रेणू

रॉकेल घट्ट आहे, सोयीचे आहे, स्वस्त आहे. उणीव एवढीच की किलोमागे ऊर्जा थोडी कमी. मग रसायनशास्त्रज्ञांच्या मनात साहजिकच आले, की जमिनीतून जे मिळते त्यावरच समाधान का मानावे? कार्बन आणि हायड्रोजन हेच अणू घेऊन आपल्याला हवा तसा रेणू आपणच का बांधू नये?

हे कसे साधते ते समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. चिकणमातीच्या काही गोळ्या घ्या आणि खराट्याचे ओले, लवचीक हीर घ्या. एक गोळी म्हणजे कार्बनचा एक अणू. कार्बनला चार हात असतात. ते एकमेकांपासून शक्य तितके दूर राहू पाहतात आणि कोणत्याही दोन हातांमध्ये सुमारे १०९.५ अंशांचा कोन होतो. गोळीत चार हीर याप्रमाणे खोचा. आता अशा तीन गोळ्या त्रिकोणात जोडून पाहा. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा. हीर सरळ राहणारच नाहीत. ते वाकवावे लागतील. आणि वाकवलेला हीर सोडला की टुणकन उलटतो, हे तुम्ही पाहालच.

असा तीन कार्बन-अणूंचा त्रिकोण निसर्गनियमांना वर्ज्य नाही. ऑगस्ट फ्रॉइंड या रसायनशास्त्रज्ञाने १८८१ मध्येच तो तयार केला. त्याला सायक्लोप्रोपेन म्हणतात. त्याच्या बंधांत ताण असतो, ही कल्पना अ‍ॅडॉल्फ फॉन बायर यांनी १८८५ मध्ये मांडली. बेचकीचे रबर ताणून धरले की त्यात ऊर्जा साठते, तसेच हे आहे. रेणू जळून त्याचे तुकडे झाले की नेहमीच्या ज्वलनाच्या ऊर्जेवर ही ताणाची ऊर्जा वरकड मिळते.

सोव्हिएत संघातील रसायनशास्त्रज्ञांनी हीच कल्पना उचलली आणि एकाच रेणूत असे तीन त्रिकोण गुंफले. त्यात कार्बनचे १० आणि हायड्रोजनचे १६ अणू. या इंधनाचे नाव सिंटिन. एक लिटर सिंटिन सुमारे ८५० ग्रॅम भरते. म्हणजे ते रॉकेलपेक्षा घट्टही आहे.

आता वही-पेन्सिल घ्या, कारण पुढचा हिशेब नववीच्या विद्यार्थ्याला करता येण्याजोगा आहे.

सिंटिनच्या रेणूचे वस्तुमान १३६. प्रत्येक त्रिकोणाचा ताण एका मोलमागे सुमारे ११५ किलोजूल. तीन त्रिकोणांचा ३४५. म्हणजे किलोमागे सुमारे अडीच मेगाजूल ऊर्जा निव्वळ ताणामुळे मिळाली. सिंटिनचा एकूण आकडा आहे सुमारे ४४ मेगाजूल. ताण नसता तर तो ४१.५ झाला असता, म्हणजे रॉकेलहूनही कमी, कारण सिंटिनमध्ये हायड्रोजनचे प्रमाण कमी आहे. ताणाने ती उणीव भरून काढली आणि वर थोडी शिल्लक टाकली.

किती शिल्लक? रॉकेल ४३, सिंटिन ४४. एवढ्यासाठी एवढा खटाटोप? थांबा. ऑक्सिजन विसरू नका. एका रेणूतील १० कार्बनचा कर्बवायू आणि १६ हायड्रोजनचे पाणी व्हायला ऑक्सिजनचे २८ अणू लागतात. त्यांचे वस्तुमान ४४८. भागाकार केला की एक किलो सिंटिनला सुमारे ३.३ किलो ऑक्सिजन लागतो असे दिसते, रॉकेलपेक्षा कमी. म्हणजे ४४ मेगाजूल ४.३ किलोंतून, किलोमागे १०.२३. रॉकेलचे होते ९.७७. फरक सुमारे पावणेपाच टक्के. बाहेर पडणाऱ्या वायूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून ऊर्जा पावणेपाच टक्के वाढली की वेग त्याच्या निम्म्याने, म्हणजे साधारण २.३ टक्के वाढावा.

इंजिनात प्रत्यक्ष मिश्रणाचे प्रमाण थोडे निराळे ठेवतात, तरीही आपला हिशेब किती जवळ जातो पाहा. अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यासाठी सोव्हिएत संघात 'आरडी-५८' नावाची इंजिने होती. त्यांपैकी रॉकेलवर चालणाऱ्या एकाचा विशिष्ट आवेग ३५३ सेकंद होता. सिंटिनवर चालणाऱ्याचा ३६१ सेकंद. (एक किलो इंधन व ऑक्सिजन यांचे मिश्रण एक किलोग्रॅम भाराएवढा रेटा जितके सेकंद देऊ शकते, तो विशिष्ट आवेग.) वाढ ८ सेकंदांची, म्हणजे २.३ टक्क्यांची. कागदावरचा भागाकार आणि धगधगते इंजिन यांचे उत्तर जुळले. विज्ञानात याहून मोठा आनंद क्वचितच मिळतो.

तेरा वर्षांचा कारभार

३ एप्रिल १९८४ रोजी आपले राकेश शर्मा 'सोयूझ टी-११' यानातून अवकाशात गेले. त्यांना नेणारा 'सोयूझ-यू' प्रक्षेपक नेहमीच्या रॉकेलवरच चालणारा होता. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जुलै १९८४ रोजी, 'सोयूझ टी-१२' मधून स्वेतलाना सावित्स्काया आणि त्यांचे दोन सहकारी निघाले. त्यांचा प्रक्षेपक दिसायला जवळजवळ तसाच होता, पण त्याचे नाव होते 'सोयूझ-यू२', आणि त्यात सिंटिन वापरले होते. हा प्रक्षेपक डिसेंबर १९८२ मध्ये प्रथम उडाला होता. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी उडालेल्या 'बुरान' या सोव्हिएत अवकाश-विमानाच्या कक्षेतील इंजिनांसाठीही सिंटिनच निवडले होते.

यातून काय साधले? 'सोयूझ' उड्डाणाच्या वेळी सुमारे ३१० टनांचा असतो आणि पृथ्वीभोवतीच्या कक्षेत जेमतेम सात टन पोहोचवतो. सिंटिनमुळे त्यात सुमारे दोनशे किलोंची भर पडली. तीनशे टनांच्या पसाऱ्यात दोनशे किलो म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण कक्षेतल्या अवकाशवीरांच्या दृष्टीने दोनशे किलो म्हणजे अन्न, पाणी, उपकरणे. तेथे प्रत्येक किलोचे मोल वेगळे.

पण किंमतही वेगळी होती! रॉकेल खनिज तेलातून ऊर्ध्वपातनाने वेगळे काढायचे असते. सिंटिन मात्र कारखान्यात, कित्येक पायऱ्यांच्या रासायनिक प्रक्रियांनी, बांधावे लागे. त्यामुळे ते रॉकेलच्या कित्येक पट महाग पडे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले आणि तिजोरीत खडखडाट झाला. ३ सप्टेंबर १९९५ रोजी 'सोयूझ टीएम-२२' घेऊन 'सोयूझ-यू२' शेवटचा उडाला. त्यानंतर 'सोयूझ' पुन्हा रॉकेलकडे वळला आणि सामान थोडे कमी करून भागवू लागला.

गोष्ट येथे संपली असती तर ती फक्त एका देशाच्या आर्थिक हलाखीची गोष्ट ठरली असती. पण पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

२० मे २००१ रोजी 'सोयूझ-एफजी' हा सुधारित प्रक्षेपक उडाला. त्याची वहनक्षमता 'सोयूझ-यू' पेक्षा दोनशे किलोंहून अधिक होती. म्हणजे सिंटिनने जे मिळवून दिले होते, ते सगळे परत मिळाले. आणि इंधन कोणते? तेच जुने रॉकेल! बदल झाला होता तो इंजिनाच्या माथ्यावर. ज्या छिद्रांतून रॉकेल आणि ऑक्सिजन ज्वलनकक्षात फवारले जातात, ती फवारणी-तबकडी नव्याने आखली होती. फवारा अधिक बारीक, मिश्रण अधिक एकजीव, ज्वलन अधिक पुरते. स्टोव्हच्या बर्नरचे भोक पिनने साफ केल्यावर पिवळी ज्योत निळी होते, तसा हा प्रकार. फक्त प्रचंड प्रमाणावर आणि फार मोठ्या अभ्यासाने केलेला.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. 'फाल्कन-९' या प्रक्षेपकाच्या डिसेंबर २०१५ पासूनच्या आवृत्तीत रॉकेल सुमारे उणे ७ अंशांपर्यंत थंड करून भरतात. थंड केले की द्रव आकसतो. त्याच टाकीत अधिक किलो मावतात. घट्ट इंधनासाठी नवा रेणू बांधण्याऐवजी जुन्याच रेणूंना थोडे जवळ आणले. पदार्थ थंड झाला की आकुंचन पावतो, हे तुम्ही सातवीआठवीतच शिकलेले असता.

मग सिंटिन फुकट गेले का?

काही जण म्हणतील, "पाहा, एवढे श्रम पाण्यात गेले! आधीच छिद्रे सुधारायची." मला हे मत पटत नाही. झालेल्या गोष्टीवर मागाहून शहाणपण सांगणे सोपे असते. प्रक्षेपक तोच ठेवून, इंजिनात फारसा फेरफार न करता, अधिक भार लगेच न्यायचा असेल तर चांगले इंधन भरणे हा सरळ उपाय होता, आणि तो यशस्वी झाला. शिवाय काही ठिकाणी महाग इंधनही परवडते. अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यात इंधन थोडेच लागते, आणि तेथे वाचलेला प्रत्येक किलो जवळजवळ थेट उपग्रहाच्या पदरात पडतो. पहिल्या टप्प्यात मात्र शेकडो टन जाळायचे असते. तेथे महाग इंधन म्हणजे होळीत चंदन.

याउलट दुसरी बाजू म्हणेल, "किंमत पाहणे हे व्यापाऱ्यांचे काम, विज्ञानाने सर्वश्रेष्ठ तेच शोधावे." हेही मला मान्य नाही. किंमत म्हणजे नुसते पैसे नव्हेत. कारखान्यात लागलेली ऊर्जा, वाया गेलेला कच्चा माल, माणसांचे श्रम, हाताळणीतले धोके या सगळ्यांचे ते एक ढोबळ माप असते. सिंटिनच्या त्रिकोणांत जी ताणाची ऊर्जा होती ती आकाशातून पडलेली नव्हती. ती आधी कारखान्यात घातली होती. बेचकी ताणायला हाताला जोर द्यावाच लागतो. कृत्रिम इंधनाविषयी कोणीही काहीही मोठे सांगितले, तर तुमचा पहिला प्रश्न हाच असला पाहिजे: यात साठलेली ऊर्जा कोणी घातली, कोठून आणली, आणि घालताना किती वाया गेली?

आणखी एक उदाहरण देतो, म्हणजे मापाचा मुद्दा पक्का होईल. 'जेपी-१०' नावाचे एक कृत्रिम हायड्रोकार्बन इंधन आहे. किलोच्या मापाने ते रॉकेलपेक्षा सरस नाही. पण त्याचा एक लिटर सुमारे ९४० ग्रॅम भरतो, म्हणून लिटरच्या मापाने ते बरेच पुढे आहे. ते वापरतात क्रूझ क्षेपणास्त्रांत. अशा क्षेपणास्त्राची टाकी लहान आणि ठरलेली असते आणि ऑक्सिजन त्याला हवेतूनच मिळतो. तेथे प्रश्न असतो, "या एवढ्याशा टाकीत जास्तीत जास्त किती ऊर्जा मावेल?" प्रश्न बदलला, माप बदलले, इंधन बदलले. त्या इंधनाचा उपयोग संहारासाठी होतो, याची मात्र कोणत्याही तक्त्यात नोंद नसते. ती आपल्या मनात तरी असावी.

आपल्या घरचे उदाहरण

१४ जुलै २०२३ रोजी 'चांद्रयान-३' घेऊन श्रीहरिकोटाहून 'एलव्हीएम-३' उडाला, तेव्हा तुम्ही दूरचित्रवाणीपुढे बसला असाल. त्या एकाच प्रक्षेपकात तीन तऱ्हांची इंधने होती. बाजूच्या दोन जाड नळकांड्यांत घन इंधन. त्यात अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि ऑक्सिजन पुरवणारे क्षार एका कृत्रिम रबरात कालवलेले असतात. हे रबरही मुख्यतः एक कृत्रिम हायड्रोकार्बनच, आणि तेही जळते! मधल्या टप्प्यात हायड्राझिन वर्गातील द्रव इंधन. ते साध्या तापमानाला साठवता येते आणि ऑक्सिडीकारकाशी गाठ पडताच आपोआप पेटते, पण ते विषारी आहे. आणि सर्वांत वर द्रवरूप हायड्रोजन.

हायड्रोजनच "सर्वांत चांगला" असता तर आपल्या अभियंत्यांनी तिन्ही ठिकाणी तोच भरला नसता का? खाली प्रचंड रेटा हवा, म्हणून घन इंधन. वर प्रत्येक किलो मोलाचा, म्हणून हायड्रोजन. हा प्रक्षेपक म्हणजे माझ्या म्हणण्याचा उभा पुरावा आहे.

मधल्या टप्प्यातील विषारी इंधनाच्या जागी शुद्ध केलेले रॉकेल आणि द्रवरूप ऑक्सिजन आणण्याचे काम भारतीय अवकाश संशोधन संघटनेने हाती घेतले आहे. त्यासाठी २००० किलोन्यूटन रेट्याचे इंजिन विकसित करण्यात येत असून, मार्च २०२५ च्या अखेरीस तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे त्याच्या मुख्य भागांची पहिली यशस्वी ज्वलन-चाचणी झाली. मला विचाराल तर ही दिशा योग्य आहे. आधी स्वस्त, सुरक्षित, देशात तयार होणारे रॉकेल घ्यावे आणि त्यातून मिळेल तेवढे काम इंजिनाकडून काढून घ्यावे. 'सोयूझ-एफजी'चा धडा हाच आहे.

पण याचा अर्थ रसायनशास्त्रज्ञांनी हात बांधून बसावे असा मुळीच नाही. १९६४ मध्ये शिकागो येथे फिलिप ईटन आणि थॉमस कोल यांनी कार्बनच्या आठ अणूंचा चक्क घनाकृती रेणू बांधला. त्याचे नाव क्युबेन. त्याचे सगळे कोन ९० अंशांचे आणि ताण प्रचंड. असा रेणू टिकणारच नाही, असे अनेकांना वाटत होते, तो टिकला. उद्या एखादा त्रिकोणी किंवा घनाकृती रेणू बांधण्याची स्वस्त, सुटसुटीत रीत कोणी शोधून काढली, तर आजचा हिशेब उलटेल. ती रीत तुमच्यापैकी कोणी शोधली तर आम्हाला अभिमानच वाटेल. हिशेब करायचा तो प्रयत्न थांबवण्यासाठी नव्हे; प्रयत्न कोठे करायचा ते कळावे म्हणून.

तक्ता नवा करा

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती अशी की पुढच्या प्रदर्शनात इंधनांचा तक्ता जरूर लावा, पण त्यात एक रकाना ठेवू नका. निदान चार ठेवा. एक किलोमागे ऊर्जा. एक लिटरमागे ऊर्जा. ऑक्सिजनसह एक किलोमागे ऊर्जा. आणि ते इंधन तयार करायला व साठवायला काय लागते. शेवटच्या रकान्यात आकडे नसले तरी चालेल, दोन ओळी लिहाव्यात. मग विद्यार्थ्यांना चारी रकान्यांत पहिला क्रमांक शोधायला सांगा. चार रकान्यांचे चार वेगळे मानकरी निघाले तरी नवल वाटू देऊ नका.

आणि विद्यार्थी मित्रहो, परीक्षक तुमच्या टेबलाशी थांबले आणि त्यांनी विचारले, "बाळ, सांग पाहू, सर्वांत चांगले इंधन कोणते?" तर गोंधळू नका आणि घाईने छडीही उचलू नका. नम्रपणे त्यांनाच विचारा, "सर, कशासाठी? आणि कोणत्या मापाने?"

परीक्षक चांगले असतील तर ते पुढच्या टेबलाकडे जाणार नाहीत. खुर्ची ओढून तुमच्यासमोर बसतील.